धनंजयराव गाडगीळ : फळबाजाराच्या पाहणीपासून गाडगीळ सूत्रापर्यंत, संशोधन नेमकं कसं केलं?

बांधावरून (धागाकर्ता)

अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ म्हटलं की दोनच गोष्टी निघतात. एक प्रवरेचा सहकारी साखर कारखाना आणि दुसरं स्पर्धा परीक्षेच्या नोट्समधलं, केंद्राची मदत राज्यांत वाटायचं गाडगीळ सूत्र. या दोन्हींच्या आधीची आणि मधली जी तीस-पस्तीस वर्षं त्यांनी पाहण्या करण्यात घातली, तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. विकासाच्या राजकीय अर्थशास्त्रात काम करू पाहणाऱ्याला खरा उपयोग त्याच वर्षांचा आहे.

सांगाडा असा. जन्म १९०१, नाशिक. केंब्रिजला भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावर प्रबंध, तो १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आला. १९२५ ते १९३० सुरतच्या एम. टी. बी. कॉलेजचे प्राचार्य. १९३० मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था सुरू झाली, तिचे ते पहिले संचालक आणि १९६६ पर्यंत तेच संचालक. मग पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९६७ ते १९७१ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. ३ मे १९७१ ला दिल्लीहून पुण्याला परतताना निधन.

संस्थेच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतले विषय बघा: सरकारी नोकरांचे पगार, पुण्यातला फळांचा बाजार (१९३३), मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांची मोटार-बस वाहतूक (१९३५), वाई तालुक्यातल्या शेतीचा ताळेबंद (१९४०), पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी (पहिला भाग १९४५). एकही विषय 'भारताचा विकास' असल्या आकाराचा नाही. प्रत्येकाला हद्द आहे, मोजायचं एकक आहे आणि प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारी माणसं आहेत.

चरित्र इथे नको, श्रद्धांजली तर नकोच. पाहणीची रचना कशी होती, आकडे कुठे दगा देतात, त्यातून धोरण कसं निघालं आणि ते कुठे फसलं, एवढ्यावर लिहा.

हमाल-तोलाई

फळबाजारापासून सुरुवात का, हे कळलं की पुढचं सोपं जातं. बाजार समित्यांचा कायदा येण्याआधीचा काळ. बागाईतदाराला मिळालेला भाव आणि गिऱ्हाइकाने दिलेला भाव यांत अंतर किती आणि ते कुणाच्या खिशात जातं, हा सत्तेचाच प्रश्न आहे. फरक इतकाच की तो एका आवारात उभं राहून मोजता येतो.

अशी पाहणी आज करायची तर सरासरी भाव गोळा करत बसू नका. एक-एक माल धरा आणि त्याच्या मागे जा. बागेतून निघालेल्या मालाला गाडीभाडं, हमाली, तोलाई, अडत, मधल्या टप्प्यावरची नासाडी आणि किरकोळ विक्रेत्याचा नफा, हे सगळं त्याच मालावर लावा. बागेतला भाव एका आठवड्याचा आणि किरकोळ भाव दुसऱ्या आठवड्याचा घेतला की मधल्या चढउताराचं खापर दलालाच्या माथी फुटतं. नासाडी वजनात मोजा. १०० किलोतले ८२ किलोच विकले गेले, तर बागाईतदाराला १०० किलोंचे मिळालेल्या एकूण पैशाची तुलना त्या ८२ किलोंच्या विक्रीशी करायची. इथे घसरलं की अडत्याचा नफा कागदावर दीडपट दिसतो.

दुसरं म्हणजे पट्टी, अडत्याने शेतकऱ्याला दिलेला विक्रीचा लेखी हिशेब. पट्टीवर लिहिलेली अडत आणि खरी कापली गेलेली अडत एक नसते. उचल घेतलेल्या शेतकऱ्याला भाव कमी लावतात, म्हणजे व्याज भावात मुरतं. म्हणून 'अडत्याकडून उचल घेतली आहे का' हा प्रश्न भावाच्या तक्त्यातच हवा, कर्जाच्या वेगळ्या तक्त्यात नाही.

आकडेमोड

वाईच्या पाहणीवरून शेतीच्या खर्चाकडे येतो, कारण आजही 'शेती तोट्यात आहे की नाही' यावर जी भांडणं होतात त्यांतली निम्मी इथेच मिटतात.

शेतीचा हिशेब जमवायच्या दोन रीती. एक, कार्यकर्ता गावातच ठेवायचा आणि त्याने ठरलेल्या थोड्या कुटुंबांच्या रोजच्या नोंदी ठेवायच्या. दुसरी, हंगामानंतर जाऊन विचारायचं. पहिली महाग आणि नमुना लहान. दुसरी स्वस्त, नमुना मोठा, पण आठवणीवर उभी. १९५४ नंतर केंद्राच्या शेती-व्यवस्थापन अभ्यासांत (आपल्याकडे अहमदनगर आणि नाशिक जिल्हे होते) दोन्ही रीती शेजारी-शेजारी चालवल्या गेल्या. रोख खर्च लोकांना बरा आठवतो. घरच्या माणसांचे आणि बैलांचे दिवस आठवत नाहीत, आणि खर्चाचा मोठा वाटा तर तिथेच असतो.

खर्चाच्या पायऱ्या त्याच अभ्यासांतून रूढ झाल्या. अ-१ म्हणजे रोखीने व धान्याने केलेला प्रत्यक्ष खर्च. अ-२ मध्ये खंडाने घेतलेल्या जमिनीचा खंड मिळवायचा. ब मध्ये स्वतःच्या जमिनीचा मानीव खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज. क मध्ये घरच्या माणसांची मजुरी. समजण्यापुरता हिशेब: उत्पन्न ९०,००० रुपये, अ-१ खर्च ५०,०००. हातात ४०,००० राहिले, शेती नफ्यात. आता मानीव खंड २०,०००, भांडवलाचं व्याज ५,०००, घरची मजुरी १०० दिवस गुणिले ३०० म्हणजे ३०,००० धरा. वजाबाकी ५५,०००. तीच शेती १५,००० तोट्यात. वावर तेच, पाऊस तोच. म्हणून कुणी 'तोटा' म्हणालं की आधी विचारायचं, कुठला खर्च धरला?

घरच्या मजुरीचा दर ठरवणं हा सगळ्यात निसरडा भाग. त्या दिवसांत गावात दुसरं काम मिळतच नसेल तर पूर्ण बाजारदर लावणं चूक, शून्य लावणंही चूक. महिनावार दर काढा आणि बाहेर काम किती दिवस उपलब्ध होतं तेही नोंदवा. नाहीतर लहान शेतकरी कायमच अकार्यक्षम ठरतो.

जुने अहवाल वाचताना मापं सांभाळा. मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि रेल्वेचा मण ८२ पौंडांहून जास्त. दोन्हींत शेर ४०च. पायली तर तालुक्या-तालुक्यात वेगळी. अहवालाच्या सुरुवातीला किंवा परिशिष्टात मापांचा तक्ता असतो, तो उघडल्याशिवाय एकरी उतारा काढायला बसू नये.

पाटकरी

गाडगीळांच्या कामातला माझ्या मते सर्वांत पक्का तुकडा १९४८ मध्ये छापलेला: गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी. नकाशा डोळ्यांपुढे ठेवा. भंडारदरा धरण १९२६ ला पूर्ण झालं, खाली राहुरी आणि श्रीरामपूरजवळचं बेलापूर हा पट्टा; कोपरगाव गोदावरी कालव्यांवर. इंग्रज सरकारची कसोटी एकच: पाणीपट्टीतून धरणाच्या भांडवलावर ठरलेलं व्याज सुटतं का? सुटलं तर काम 'उत्पादक', नाहीतर 'संरक्षक'. दख्खनचे कालवे या कसोटीवर बहुधा नापासच. पाहणीने विचारलं की सरकारी तिजोरी सोडून बाकी समाजाला काय मिळालं?

रीत: कालव्याखालची गावं आणि तशाच जमिनीची कोरडवाहू गावं शेजारी ठेवून तुलना. ऐकायला सोपं आहे, पण चुकायच्या जागा चार.

पहिली, कोरडवाहू गावं कालव्यापासून खरोखर अलिप्त नसतात. तिथले मजूर उसाच्या पट्ट्यात जातात, त्यांची मजुरी वाढते, चारा येतो. म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्यालाच थोडा लाभ झालेला असतो आणि कालव्याचा लाभ कमी दिसतो.

दुसरी, जमीन. कालवा नदीकाठच्या भारी जमिनीतून जातो. तशीच जमीन कोरड्या बाजूला सापडतेच असं नाही. तफावत पाण्याची की मातीची हे वेगळं काढायचं तर महसूल आकारणीच्या नोंदीतला जमिनीचा प्रतवार दर वापरावा लागतो.

तिसरी, दुहेरी मोजणी. शेतकऱ्याच्या उसाची किंमत मोजली आणि मग कारखान्याच्या साखरेचीही पूर्ण किंमत मोजली, की ऊस दोनदा आला. कारखान्याकडचं फक्त मूल्यवर्धन घ्यायचं. गुऱ्हाळ, गाडीवान, व्यापारी सगळ्यांना हाच नियम.

चौथी, काळ. पाणी आल्यावर पहिल्या काही वर्षांत उत्पन्न उसळतं. पुढे निचरा नसलेल्या काळ्या जमिनी पाणथळ आणि चोपण (सोडियम साठून बिघडलेल्या) होतात. मधल्या एखाद्या वर्षी पाहणी केली तर लाभ पूर्ण दिसतो, तोटा दिसायचा असतो. विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर सुचवलेली ब्लॉक पद्धत, म्हणजे ठराविक तुकड्याला ठराविक वर्षं पाणी आणि त्यातल्या एक तृतीयांशातच ऊस, ही याच भीतीपोटी होती. ती पाळली किती गेली, हे कालव्याच्या कडेने फिरून बघावं.

रेवती_क

पाटकरी, एक शंका. मजुरी हा खर्च धरायचा की लाभ? सार्वजनिक कामांच्या अहवालांत कधी असं, कधी तसं दिसतं.

पाटकरी

रेवतीताई, कुणाच्या बाजूने हिशेब मांडताय त्यावर. शेतकऱ्याच्या वहीत मजुरी खर्च. समाजाच्या वहीत, तो मजूर एरवी रिकामा असता तर त्याच्या श्रमाची किंमत जवळपास नाही, मग मजुरी बहुतांशी लाभच. कालवा नसता तरी तो दुसरीकडे कामाला गेला असता, तर तिथे जे मिळालं असतं तेवढा खर्च धरायचा. अहवालात दोन्ही वह्या वेगळ्या हव्यात. एकाच तक्त्यात मिसळल्या की हवं ते उत्तर काढता येतं, आणि काढलंही जातं.

सावकारी_पाश

ग्रामीण पतपाहणीशिवाय, म्हणजे खेड्यातल्या कर्जाच्या देशभर झालेल्या पाहणीशिवाय, हा धागा अपुरा राहील. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये केली, अहवाल १९५४. समितीचे अध्यक्ष माजी सनदी अधिकारी ए. डी. गोरवाला, सदस्यांत गाडगीळ. ७५ जिल्हे, जिल्ह्यामागे ८ म्हणजे ६०० गावं, १,२७,३४३ कुटुंबं. सगळ्या कुटुंबांची साधी पाहणी आणि प्रत्येक गावातल्या १५ शेतकरी कुटुंबांची सखोल.

निकाल सगळ्यांनी पाठ केलेला: कर्जातला सरकारचा वाटा ३.३ टक्के, सहकारी संस्थांचा ३.१, व्यापारी बँकांचा ०.९. धंदेवाईक सावकार ४४.८, शेतकरी-सावकार २४.९, नातेवाईक १४.२. पन्नास वर्षांच्या सहकारी कायद्यानंतरचे हे ३.१ टक्के. समितीने काढलेला अर्थ असा की सहकार फसला आहे, पण तो यशस्वी करण्यावाचून गत्यंतर नाही. त्यासाठी सरकारने संस्थेत भागीदार व्हायचं, कर्ज आणि मालाची विक्री एकमेकांना जोडायची, गोदामं उभारायची, आणि इम्पीरियल बँक सरकारच्या ताब्यात घ्यायची. १ जुलै १९५५ ला स्टेट बँक झाली ती यातून.

आता आकड्यांतली गोम. 'मोठा', 'मध्यम', 'लहान' शेतकरी हे वर्ग एकरांवर ठरवलेले नव्हते. गावातल्या शेतकऱ्यांना कसणुकीच्या क्षेत्राने उतरत्या क्रमाने लावायचं, वरचे तीन दशांश मोठे, मधले चार मध्यम, खालचे तीन लहान. गावातली सत्ता बघायला ही रीत उत्तम, कारण पाच एकरवालाही त्याच्या गावात मोठा असू शकतो. पण रत्नागिरीचा 'मोठा' आणि अकोल्याचा 'मोठा' एका ओळीत लिहिलेत तर काहीच्या काही निष्कर्ष निघेल.

दुसरं, दहा वर्षांनंतरच्या पाहणीत धंदेवाईक सावकार आणि शेतकरी-सावकार यांचं प्रमाण जवळपास उलटं झालेलं दिसतं. इतक्या झपाट्याने सावकार शेतकरी झाले? सावकारी कायद्याने परवाना सक्तीचा झाल्यावर कोण स्वतःला सावकार म्हणवून घेईल? कायद्याने ज्याला नाव दिलं त्याची आकडेवारी कायद्यानंतर हलतेच. व्याख्या दोन्ही पाहण्यांत शब्दशः तपासल्याशिवाय कालक्रमाचा आलेख काढू नये.

अहवाल वाचायचा क्रम: सगळे दुसऱ्या खंडापासून, म्हणजे सर्वसाधारण अहवालापासून सुरुवात करतात कारण शिफारशी तिथे आहेत. आधी तिसरा खंड घ्या, तांत्रिक. प्रश्नावली आणि नमुन्याची रचना त्यात आहे.

कोरडवाहू

सगळं छान चाललंय, पण हा माणूस राजकीय अर्थशास्त्रज्ञ होता की नुसता मोजणीदार? सत्ता कुठे आहे या सगळ्यात? सहकारी संस्थेत सरकार भागीदार झालं, म्हणजे संस्थेच्या अध्यक्षपदाला सरकारी भांडवलाची चावी लागली. साखर कारखाना, जिल्हा बँक, खरेदी-विक्री संघ आणि आमदारकी एका घरात येण्याची वाट तिथेच मोकळी झाली. हे १९५४ मध्ये दिसू नये?

बांधावरून

कोरडवाहू, 'नुसता मोजणीदार' अन्यायकारक आहे. १९४७ चं भावमंडळ, म्हणजे सरकारला भावांबद्दल सल्ला देणारं मंडळ, बघा. गोरवाला आणि गाडगीळ, दोघांचं म्हणणं होतं की अन्नधान्यावरची नियंत्रणं एकदम उठवू नका. त्या डिसेंबरात सरकारने ती उठवायला सुरुवात केली. भाव भडकले आणि १९४८ मध्येच नियंत्रणं परत आणावी लागली. नियंत्रण कुणाला नको होतं आणि का, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. व्यापारी जातींच्या उदयावरही त्यांनी लिहिलेलं आहे.

त्यांच्या संस्थेतून आलेली दांडेकर आणि खुदानपूर यांची १९५७ ची कूळकायद्याची पाहणी घ्या. मुंबई राज्यात १९४८ चा कायदा गावात कितपत पोचला हे तपासलं, तर खंडाच्या दरांवर त्याचा मागमूस नाही आणि 'स्वखुशीने' जमीन सोडणारी कुळं मात्र पुष्कळ. सरकारी नोंद म्हणते राजीनामा, पाहणी विचारते की कूळ कसायचं का थांबलं? यापेक्षा राजकीय प्रश्न कुठला?

कोरडवाहू

ते दांडेकर-खुदानपूर. मी विचारतोय कारखान्याबद्दल.

मळीचा_वास

मग कारखान्याबद्दलच बोलू. प्रवरेचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगावचे शेतकरी आणि त्यांचे भाग गोळा केले, गाडगीळ पहिले अध्यक्ष, सहकार चळवळीतले वैकुंठभाई मेहता तेव्हा मुंबई सरकारात. कल्पनेच्या मुळाशी एक तांत्रिक गोष्ट आहे: तोडलेला ऊस साधारण २४ तासांत गाळला नाही तर वजन आणि उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) दोन्ही उतरतात. म्हणजे शेतकरी माल घेऊन दुसऱ्या बाजारात जाऊ शकत नाही. परिसरात कारखाना एकच असेल तर भाव तोच ठरवणार. त्यावर उपाय दोन. एक तर कारखान्याने स्वतःच ऊस पिकवायचा, बेलापूर पट्ट्यातल्या खासगी कंपन्यांनी खंडाच्या जमिनींवर केलं तसं. किंवा ऊसवाल्यांनीच कारखान्याचं मालक व्हायचं. पहिला रस्ता १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने बंद झाला, कंपन्यांच्या जमिनी पुढे शेती महामंडळाकडे गेल्या. उरला दुसरा.

आता दोष कुठे राहिला ते. मत एका सभासदाला एक, ऊस कुणाचा कितीही असो. भाव सगळ्यांना टनाला सारखा. हे दोन नियम एकत्र आले की मोठ्या ऊसवाल्याला भाव वाढवून फायदा घ्यायचा तर तो लहानांनाही द्यावा लागतो. म्हणून सत्ता हातात असलेल्या मोठ्यांना दुसरी वाट बरी वाटते: भाव थोडा दाबायचा, पैसा कारखान्यात ठेवायचा आणि तो कसा खर्च व्हावा हे संचालक मंडळात बसून ठरवायचं. परतीच्या आणि बिनपरतीच्या ठेवी टनामागे कापल्या जातात त्या इथे येतात. कॉलेज, दवाखाना, पतसंस्था सगळं त्यातून उभं राहिलं आणि सत्ताही त्यातूनच.

हा नुसता आरोप नाही, तपासलेलं आहे. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे यांनी १९७१ ते १९९३ या काळातल्या महाराष्ट्रातल्या जवळपास शंभर सहकारी कारखान्यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. सभासदांमध्ये जमिनीची विषमता जिथे जास्त, तिथे उसाचा भाव कमी. सगळे लहान किंवा सगळे मोठे असतील तिथे भाव चांगला, मिश्रणात पडतो. बा. स. बाविस्करांचं कोपरगाव परिसरातलं काम (१९८०) त्याआधीच गटबाजी आणि उमेदवारीच्या अंगाने तिथे पोचलं होतं. एक संख्येने गेले, दुसरे गावात राहून.

असं काम पुन्हा करायचं तर जाहीर केलेला भाव घेऊ नका. पहिला हप्ता, दुसरा हप्ता, अंतिम भाव, त्यातून कापलेल्या ठेवी आणि तोडणी-वाहतूक कोण सोसतं, हे पाचही आकडे वार्षिक अहवालातून वेगळे काढा. दोन कारखान्यांचा 'भाव' तेव्हाच तुलनेला येतो. उतारा वेगळा धरा. १०.५ आणि ११.५ टक्के उताऱ्याच्या कारखान्यांत टनामागे १० किलो साखरेचा फरक असतो, त्यात संचालक मंडळाचं पुण्य काही नाही.

रेवती_क

आणि या पाचही आकड्यांत ऊसतोड कामगार फक्त 'तोडणी-वाहतूक' म्हणून येतो. तो सभासद नाही, त्याला मत नाही. मुकादमाकडून उचल घेऊन कोयता, म्हणजे तोडणीची नवरा-बायकोची जोडी, सहा महिने बांधला जातो. पतपाहणीचा नमुना आठवा: सखोल चौकशीची १५ कुटुंबं शेतकऱ्यांचीच. ज्याला एककच केलं नाही तो निष्कर्षात कुठून येणार? कोरडवाहूंचा 'सत्ता कुठे आहे' हा प्रश्न मला इथे जास्त पटतो, अध्यक्षपदाच्या चावीपेक्षा.

कोरडवाहू

+१. हेच म्हणायचं होतं, तुम्ही नेमकं मांडलंत.

सूत्रधार

गाडगीळ सूत्रावर अजून कुणीच आलं नाही म्हणून. १९६९, चौथी योजना. त्याआधी राज्यांना केंद्राची योजना-मदत योजनानिहाय, म्हणजे दिल्लीत वजन असेल तशी. सूत्राने ती नियमात बसवली: लोकसंख्येला ६० टक्के, दरडोई उत्पन्नाला १०, करप्रयत्नाला १०, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्पांना १०, विशेष समस्यांना १०. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांचा वाटा आधी बाजूला काढायचा, मग उरलेल्याला हे सूत्र.

परीक्षेच्या पुस्तकात इथे पूर्णविराम. हिशेब करून बघा, मग गंमत कळते. काल्पनिक तीन राज्यं, वाटायचे १,००० कोटी. 'क': लोकसंख्या ५ कोटी, दरडोई उत्पन्न ४००. 'ख': ३ कोटी, ५५०. 'ग': २ कोटी, ७००. देशाची सरासरी ५०५.

लोकसंख्येचे ६०० कोटी: क ३००, ख १८०, ग १२०. उत्पन्नाचे १०० कोटी सरासरीखालच्या राज्यांनाच, म्हणजे सगळे क ला. करप्रयत्न म्हणजे दरडोई कर भागिले दरडोई उत्पन्न. समजा क ५ टक्के, ख ६, ग ७. लोकसंख्येने गुणून २५, १८, १४. त्या प्रमाणात १०० कोटी वाटले की सुमारे ४३.९, ३१.६ आणि २४.६. प्रकल्पांचे आणि विशेष समस्यांचे २०० कोटी इथे सोडून बेरीज: क ४४३.९, ख २११.६, ग १४४.६. माणशी काढा: क ला ८८.८ रुपये, ख ला ७०.५, ग ला ७२.३.

मधल्या राज्याला श्रीमंत राज्यापेक्षा माणशी कमी! कारण ख सरासरीच्या जरा वर आहे, त्यामुळे गरिबीचे पैसे शून्य, आणि करात ग त्याच्या पुढे. सरासरीच्या रेषेवर असा कडा असला की तिथल्या राज्याचं उत्पन्न किंचित सरकलं तरी वाटा एकदम बदलतो. पुढच्या दुरुस्त्या यावरच झाल्या. १९८० मध्ये चालू प्रकल्पांचे १० टक्के काढून उत्पन्नाला दिले. १९९० मध्ये उत्पन्नाला २५ केले, त्यातले ५ सरासरीच्या वरच्या राज्यांनाही मिळतील अशा बेताने, आणि १९९१ मध्ये प्रणव मुखर्जींच्या वेळीही ते तसेच राहिले.

चालू प्रकल्पांचे १० टक्के का काढले हेही बघण्यासारखं. मोठे प्रकल्प ज्यांनी आधीच हाती घेतले त्यांनाच ते पैसे, म्हणजे आधीच्या योजनांतल्या वजनाची पुढे वसुली.

आणि एक गोष्ट दडून राहते: या 'मदती'त साधारण राज्यांना ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज. विशेष राज्यांना ९० आणि १०. म्हणजे वाटा मिळवायला भांडणारं राज्य बहुतांशी कर्जासाठी भांडत होतं.

सावकारी_पाश

सूत्रधार, उत्तम. एक जोड. त्याच १९६९ मध्ये गाडगीळ अभ्यासगटाने बँकांसाठी क्षेत्रनिहाय दृष्टिकोन सुचवला, त्यातून डिसेंबरात अग्रणी बँक योजना आली. जिल्ह्याला एक बँक जबाबदार. म्हणजे १९५४ मध्ये सहकारावर टाकलेलं ओझं पंधरा वर्षांनी बँकांकडेही वाटून दिलं. ही कबुलीच म्हणायची.

(शोधताना: 'गाडगीळ अहवाल' लिहिलंत तर पश्चिम घाटाचा येईल, तो त्यांचे चिरंजीव माधव गाडगीळ यांच्या समितीचा, २०११. आणि काकासाहेब गाडगीळ तिसरेच, ते न. वि.)

नवशिक्या७१

वाचून दमलो :) पदव्युत्तरच्या लघुप्रबंधासाठी यातलं काही हाती घ्यायचं तर? सहा महिने, पैसे जेमतेम.

आकडेमोड

पुनर्पाहणी. नवी प्रश्नावली बनवायच्या फंदात पडू नका, जुनी घ्या. पुण्याच्या पाहणीची पुनर्पाहणी सोवनी, आपटे, पेंडसे यांनी १९५६ मध्ये छापली, ती नमुना म्हणून वाचा: काय तुलनेला ठेवलं आणि काय सोडून दिलं. तुमच्या आवाक्यात दोन गावं आणि ऐंशी-नव्वद कुटुंबं येतील. जुने प्रश्न शब्दशः ठेवा, आजचे जास्तीचे प्रश्न शेवटी वेगळ्या पानावर. मध्ये घुसवलेत की पुढच्या उत्तरांवर त्यांचा रंग चढतो.

पाटकरी

कालव्याच्या गावांची करणार असाल तर आधी गावांची यादी आजच्या नकाशावर बसवा. तेव्हा राहाता तालुका नव्हता, बरीचशी गावं कोपरगावात सापडतील. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर, जुन्या सूचीत अहमदनगर, दोन्हींनी शोधा. वाड्या स्वतंत्र महसुली गावं झाल्या असतील तर क्षेत्र जुळणार नाही. मूळ गाव आणि वाडी एकत्र करूनच तुलना करा.

सातबाऱ्यावरची पीकपाहणी २०२१ पासून मोबाईलवर शेतकरी स्वतः भरतो, आधी तलाठी भरायचा. त्यामुळे त्या वर्षाच्या अलीकडचे आणि पलीकडचे उसाखालचे आकडे एका रांगेत ठेवू नका. चोपण जमिनीसाठी सातबाऱ्यावर विसंबू नका, तिथे नुसतं 'पड' दिसेल. कालव्याच्या खालच्या अंगाला शिवारफेरी करा, मातीचे नमुने घ्या, ६० सेंटिमीटरपर्यंत तरी, आणि क्षारता व सामू (पीएच) दोन्ही तपासून घ्या. नुसती क्षारता बघून चोपण जमीन कळत नाही, विनिमययोग्य सोडियमही लागतं. नमुने एप्रिल-मेमध्ये घ्या. पाऊस पडल्यावर वरचा थर धुऊन निघतो आणि वाईट जमीन बरी दिसते.